परफॉर्मन्स ब्रेक बसवल्यावर स्टिअरिंग थरथरतंय? माझा अनुभव

गाडीच्या पुढच्या चाकांना स्लॉटेड (खाचा असलेल्या) डिस्क आणि स्पोर्ट पॅड बसवले. सुरुवातीला ठीक होतं. मग ८०–१०० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं, पेडलही धडधडायचं. ब्रेक न लावता गाडी शांत, त्यामुळे बॅलन्सिंग-अलाइनमेंटचा उपयोग झालाच नाही. डिस्क लेथवर घासून घेतल्या, तरी थरथर परत आली. फार वैताग आला.

दोष हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, होता. डिस्क टेकते तिथे गंजाचा थर. त्याने ती किंचित तिरकी बसते, फिरताना एकाच जागी पॅडला घासते आणि तिची जाडी असमान होते; त्यानेच थरथर येते.

आधी हब वायर ब्रशने, स्टडच्या (चाकाच्या बोल्टच्या) मुळाशीही, धातू चमकेपर्यंत साफ केला. मग डिस्क पुन्हा लेथवर समतल करून सगळ्या नटांनी, वॉशर घालून आवळली. कडेपासून १० मिमी आत डायल गेज (डिस्क किती डोलते ते मोजणारं यंत्र) लावून फिरवली. डोलणं ०.०५ मिमीच्या आत हवं. जास्त आलं तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा. तरीही जास्तच असेल तर बेअरिंग तपासा. चाकाचे नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

शेवटी पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक, पूर्ण न थांबता. नंतर थंड होईपर्यंत गाडी चालवत राहा. गरम ब्रेक दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर तिथेच चिकटतो.