अटलांटिक गुलामव्यापारावर लिहिताना या चुका टाळा

‘भौगोलिक शोध’ या प्रकरणावरची बहुतेक उत्तरे एकाच वाक्याने सुरू होतात. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुश्कीचे मार्ग बंद झाले, म्हणून युरोपियनांना समुद्रमार्ग शोधावे लागले. पुढे कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन अशी नावे ओळीने येतात, आणि गुलामांचा व्यापार अगदी शेवटी ‘परिणाम’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकला जातो. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत, शाळेच्या निबंधांत आणि समाजमाध्यमांवरच्या लेखांतही हाच साचा दिसतो. बाकीच्या बऱ्याच चुका या मांडणीतूनच जन्माला येतात. माणसांची खरेदी-विक्री हा सागरी मोहिमांचा उशिरा आलेला परिणाम नव्हता. कोलंबस निघण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीपासून ती या मोहिमांच्या हिशेबातच होती.

१४५३ पासून सुरुवात करणे

तारखा नीट लावल्या की हे वाक्य टिकत नाही. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सेउता १४१५ मध्ये घेतले. जिल एआनिश १४३४ मध्ये बोहादोर भूशिराच्या पुढे गेला. १४४१ मध्ये आजच्या पश्चिम सहाराच्या किनाऱ्यावरून काही माणसे पकडून पोर्तुगालला नेण्यात आली. ऑगस्ट १४४४ मध्ये दक्षिण पोर्तुगालमधल्या लागुश बंदराबाहेरच्या मैदानात २३५ बंदिवानांची वाटणी झाली आणि त्यातला पाचवा हिस्सा राजपुत्र हेन्रीला मिळाला. दरबारी बखरकार झुरारा याने या प्रसंगाचे वर्णन लिहून ठेवले आहे. हिस्से पाडताना बाप आणि लेक, भाऊ आणि भाऊ वेगळे केले जात होते. आया लेकरांना कवटाळून जमिनीवर पालथ्या पडत होत्या आणि मार खात होत्या, पण मिठी सोडत नव्हत्या. झुरारा हेन्रीचा स्तुतिपाठक होता, तरी हे त्याला लिहावेसे वाटले. या विषयावर एकच उतारा वाचायचा असेल तर तो वाचावा. कॉन्स्टँटिनोपल पडायला तेव्हा आणखी नऊ वर्षे होती.

तुर्कांनी मिरी-मसाल्यांची आवक रोखली, हा मुद्दाही तपासून घ्या. १४५३ नंतर व्हेनिसचे व्यापारी मसाले घेतच होते, ते अलेक्झांड्रिया आणि बैरूत इथून. ही बंदरे मामलुक सुलतानांची होती. ऑटोमन तुर्कांनी इजिप्त घेतला १५१७ मध्ये, म्हणजे गामा कालिकतला पोहोचल्यानंतर १९ वर्षांनी. तुर्कांमुळे व्यापारावर काहीच परिणाम झाला नाही असे नाही. पण ‘मार्ग बंद झाले म्हणून’ हे कारण पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

त्याऐवजी सुरुवात सोन्यापासून करा. पश्चिम आफ्रिकेचे सोने सहारा ओलांडणाऱ्या काफिल्यांमार्फत भूमध्य समुद्रावर येई. पोर्तुगीजांना ते मधल्या दलालांना टाळून हवे होते. त्यासाठीच १४८२ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला उभा राहिला. गुलामांच्या निर्यातीचे ठाणे म्हणून तो पुढे कुप्रसिद्ध झाला, पण बांधला गेला तो सोन्यासाठी. याच काळात अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर ऊस लावला गेला, मग पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर. बेट, ऊस आणि पकडून आणलेले मजूर ही घडी अमेरिकेचा पत्ता लागण्याआधीच बसत आली होती. साओ टोमेहून ती ब्राझीलला गेली. हा दुवा उत्तरात आला की शोध आणि गुलामगिरी ही दोन वेगळी प्रकरणे उरत नाहीत.

कोलंबसपाशी दोनदा घसरणे

पृथ्वी गोल आहे हे कोलंबसने सिद्ध केले, ही पहिली घसरण. त्याच्या काळच्या शिकलेल्या माणसांना ते ठाऊक होते. वाद पृथ्वी किती मोठी याचा होता आणि त्यात कोलंबसचा अंदाज चुकीचा होता.

दुसरी घसरण जास्त गंभीर आहे. अटलांटिक ओलांडून गुलाम नेण्याची गोष्ट आफ्रिकेपासूनच सुरू होते असे आपण धरून चालतो. १४९५ मध्ये कोलंबसने कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावरच्या सुमारे ५०० ताइनो लोकांना गुलाम म्हणून स्पेनला धाडले. त्यातले सुमारे २०० वाटेतच मेले. म्हणजे ही गलबते अमेरिकेहून युरोपकडे निघाली होती. मूळ रहिवाशांची गुलामी, सक्तीची मजुरी, देवीसारखे रोग आणि त्यांची कोसळलेली लोकसंख्या हे सगळे गाळून थेट आफ्रिकेवर आलात तर आफ्रिकेतून माणसे का आणली याचे उत्तर हाती लागत नाही. मग ‘आफ्रिकन लोक काटक होते’ असे काहीतरी लिहिले जाते. ते लिहू नका. मूळ रहिवासी मरत होते, त्यांना गुलाम करण्यावर स्पेनच्या राजसत्तेने हळूहळू बंधने आणली (१५४२ चे नवे कायदे हा त्यातला मोठा टप्पा), आणि पोर्तुगीजांची आफ्रिकेतली खरेदीची ठाणी तयारच होती. १५१८ मध्ये स्पेनचा राजा चार्ल्स (पुढे सम्राट पाचवा चार्ल्स) याने ४,००० आफ्रिकन गुलाम अमेरिकेत नेण्याचा परवाना आपल्या एका मर्जीतल्या दरबाऱ्याला दिला. त्या दरबाऱ्याने तो व्यापाऱ्यांना विकून टाकला. गुलामगिरीचा धंदा सरकारी परवान्याच्या कागदावर कसा चालला हे यातून दिसते.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

एके ठिकाणी १ कोटी २५ लाख सापडतात, दुसरीकडे १ कोटी ७ लाख. गोंधळून लोक मधलाच एखादा आकडा लिहितात. दोन्ही बरोबर आहेत. सुमारे ३६,००० सफरींच्या नोंदी एकत्र करून इतिहासकारांनी काढलेल्या अंदाजानुसार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवलेले लोक सुमारे १ कोटी २५ लाख आणि पलीकडे जिवंत उतरलेले सुमारे १ कोटी ७ लाख. मधला फरक समुद्रात मेलेल्यांचा. पकडताना, किनाऱ्यापर्यंत चालवत आणताना आणि कोठारांत डांबून ठेवल्यावर जे मेले ते या दोन्ही आकड्यांत नाहीत. म्हणून आकड्यासोबत ‘चढवलेले’ की ‘उतरवलेले’ हे नेहमी लिहा.

यापुढची अडचण अमेरिकेची. मराठी वाचकाच्या मनात गुलामगिरी म्हटले की अमेरिकेची संयुक्त संस्थानेच येतात आणि त्याला कारणही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. पण जहाजांनी कुठे किती माणसे उतरवली हे पाहिले तर चित्र फार वेगळे दिसते. ब्राझीलमध्ये ४८ लाखांहून अधिक, कॅरिबियन बेटांवर मिळून ४० लाखांहून अधिक आणि आजच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून सुमारे ३ लाख ९० हजार. वाहतुकीत सर्वांत पुढे होती पोर्तुगाल आणि ब्राझीलची जहाजे, त्यांच्यामागे ब्रिटिश. १६१९ मध्ये व्हर्जिनियात उतरवलेले वीसेक लोक ‘पहिले गुलाम’ म्हणून सांगितले जातात. तेही आजच्या अंगोलातल्या लुआंडाहून मेक्सिकोकडे निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावरून लुटलेले होते. अटलांटिकचा धंदा तोवर शंभर वर्षांचा झाला होता.

मग १८६० च्या जनगणनेत संयुक्त संस्थानांत ३९ लाखांहून अधिक गुलाम कसे? कारण तिथे जन्म मृत्यूंपेक्षा जास्त होते आणि आईची गुलामी मुलाकडे कायद्यानेच येत होती. जमैकात उलटे घडले. तिथे सुमारे १० लाख लोक उतरवले गेले, त्यातले काही पुढे स्पॅनिश वसाहतींत पाठवले गेले, आणि १८३४ मध्ये गुलाम उरले होते सुमारे ३ लाख ११ हजार. ऊसमळ्यावर काय चालत होते हे सांगायला विशेषणे लागत नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी पुरे.

आकड्यांचाच आणखी एक प्रसंग नेहमी चुकीचा सांगितला जातो. १७८१ मध्ये ‘झाँग’ या ब्रिटिश गुलामवाहू जहाजाच्या खलाशांनी १३० हून अधिक आफ्रिकनांना समुद्रात फेकले. त्यावर लंडनमध्ये खटला चालला, पण तो खुनाचा नव्हता. फेकलेल्या माणसांची भरपाई विमा उतरवणाऱ्यांनी द्यावी की नाही, एवढाच वाद होता. खुनाचा आरोप कोणावरही ठेवला गेला नाही.

त्रिकोण काढून मोकळे होणे

युरोपातून माल आफ्रिकेला, आफ्रिकेतून माणसे अमेरिकेला, अमेरिकेतून साखर युरोपला. ही आकृती सोपी आहे म्हणून सगळीकडे छापलेली असते. इंग्लंड-फ्रान्सच्या जहाजांना ती बरीचशी लागू पडते. पण सर्वांत मोठ्या ग्राहकाला, ब्राझीलला, ती लागू नाही. रिओ द जानेरो आणि बाहियाची जहाजे थेट आफ्रिकेला जात आणि थेट परत येत. रिओहून लुआंडाला उसाची दारू जाई, बाहियाहून पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या किनाऱ्याला काकवी लावलेली तंबाखू. त्रिकोणाची तिसरी बाजूही वाटते तेवढी भरीव नव्हती. साखर बहुतेक वेळा वेगळी, मोठी जहाजे वाहून नेत. गुलामांची किंमत पुष्कळदा हुंड्यांनी चुकती होई, त्यामुळे गुलामांचे जहाज अर्धवट भरलेलेही परते.

त्रिकोणातून सर्वांत ठळकपणे गायब असतो तो हिंदी महासागर. खरे तर आपल्याकडच्या वाचकाला ही बाजू आधी कळायला हवी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात कापडाचा वाटा मोठा होता आणि त्यात गुजरात व कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड भरपूर होते. इंग्लंडने १७०० मध्ये छापील भारतीय कापड देशात वापरण्यावर बंदी घातली, पण पुन्हा निर्यात करायला मुभा ठेवली. त्यातले बरेच आफ्रिकेला गेले. मालदीवच्या कवड्या बंगाल आणि श्रीलंकेमार्गे ॲमस्टरडॅम व लंडनच्या लिलावात जात आणि तिथून बेनिनच्या किनाऱ्यावर, जिथे त्या चलन म्हणून चालत. आपल्या विणकराला त्याच्या ठाणाच्या बदल्यात कुठे कोण विकले जाते याची कल्पना नसणार, पण या व्यापाराचा हिशेब त्याच्या मागापर्यंत पोहोचतो. नकाशा काढायचाच असेल तर सुरत आणि मालदीव त्यात आले पाहिजेत.

‘आफ्रिकनांनीच आपली माणसे विकली’

हे वाक्य वादात शेवटचा हुकमी पत्ता म्हणून टाकले जाते. त्यातला ‘आपली’ हा भाग चुकीचा आहे. ओयो, दाहोमी, असांते, कोंगो ही वेगवेगळी राज्ये होती. ‘आपण सारे आफ्रिकन’ ही भावना तेव्हा नव्हतीच. दाहोमीचा सैनिक शेजारच्या राज्यातला युद्धकैदी विकत होता. मराठा आणि मोगल दोघेही ‘आशियाई’ म्हणून एकमेकांचे, असे आपण कधी म्हणत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही होते. गोऱ्यांनी जंगलात शिरून जाळी टाकली आणि माणसे धरली, हे चित्र. बहुतेक किनाऱ्यावर युरोपियन व्यापारी स्थानिक राजांच्या मर्जीवर, भाडे-नजराणे देऊन राहत आणि विकत घेत. याला मोठा अपवाद अंगोलाचा. १५७५ मध्ये लुआंडा वसवल्यावर पोर्तुगीजांनी आतल्या मुलखात स्वतः लढाया केल्या आणि न्दोंगोच्या राणी न्झिंगाशी त्यांचा दीर्घ संघर्ष चालला. कोंगोचा राजा पहिला अफोन्सो ख्रिस्ती होता, पोर्तुगालचा मित्र होता, आणि तो स्वतःही गुलामांच्या व्यापारात होता. त्याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तक्रार केली की व्यापारी आमची माणसे, अगदी उमरावांची मुले आणि माझे नातेवाईकसुद्धा पळवून नेत आहेत. विकणारे होते हे लिहा. त्यासोबत मागणी कुठून येत होती, बंदुका आणि उधारी कोण देत होते आणि मळ्यांचा नफा कोणत्या बंदरांत जमा झाला हेही लिहा.

मलिक अंबरचा दाखला

‘गुलाम असूनही मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, म्हणजे गुलामी इतकी वाईट नसावी,’ हा युक्तिवाद महाराष्ट्रात हमखास ऐकू येतो. अंबर इथिओपियात जन्मला, अनेकदा विकला गेला, निजामशाहीचा मंत्री चंगेजखान याच्या पदरी आला आणि पुढे १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने दख्खनचे राजकारण हलवले. हे खरेच आहे. पण ती हिंदी महासागरातली लष्करी गुलामी, वेगळ्या नियमांची. जमैकाच्या मळ्यावरच्या माणसाला तो रस्ता उपलब्ध नव्हता. आणि इकडची गुलामी सौम्य होती असा निष्कर्षही काढू नका. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्स्खोटेन या डच माणसाने तिथल्या रस्त्यावरच्या लिलावात घोडे, दागिने आणि माणसे एकाच बाजारात विकली जाताना पाहिली आणि नोंदवली. मोझांबिकहून आणलेले आफ्रिकन गोव्याच्या घराघरांत राबत होते. दोन्ही महासागरांवर लिहा, पण एकाचा दाखला दुसऱ्याचे समर्थन म्हणून वापरू नका.

मुक्तीची एकच तारीख शोधणे

इथे गोंधळ बहुधा व्यापारबंदी आणि गुलामगिरीबंदी एक समजल्याने होतो. ब्रिटनने व्यापार बंद केला १८०७ मध्ये. गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा, अंमल ऑगस्ट १८३४ पासून, त्यातही ‘उमेदवारी’च्या नावाखाली सक्तीची मजुरी १८३८ पर्यंत. भरपाईचे २ कोटी पौंड मालकांना मिळाले, राबलेल्यांना काही नाही. संयुक्त संस्थानांत १८६५, क्युबात १८८६, ब्राझीलमध्ये १८८८.

शिवाय हे सगळे संसदांनी बहाल केले असेही लिहू नका. जहाजांवर उठाव होत होते. ब्राझीलच्या जंगलात पळून गेलेल्यांची पाल्मारेस ही वस्ती दशकानुदशके लढली आणि तिचा नेता झुंबी १६९५ मध्ये मारला गेला. फ्रान्सच्या सर्वांत श्रीमंत वसाहतीत, कॅरिबियनमधल्या सां-दोमिंगमध्ये (आजचे हैती), ऑगस्ट १७९१ मध्ये गुलाम उठले. फ्रेंच, स्पॅनिश, ब्रिटिश अशा तिन्ही फौजांना तोंड देत त्यांनी १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. त्यात मळेमालकांच्या नुकसानीत गुलामांची किंमतही धरलेली होती. रक्कम पुढे ९ कोटींवर आणली गेली, पण ती आणि तिच्यासाठी काढलेली कर्जे फेडण्यात हैतीच्या पिढ्या गेल्या.

भारतापुरती एक नोंद. १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता, इथे वेगळा कायदा १८४३ मध्ये झाला. आणि गुलाम सुटल्यावर मळ्यांना मजूर हवेच होते, म्हणून १८३४ पासून करारावर भारतीय मजूर मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. या मजुरांना सरसकट गुलाम म्हणणे चूक आहे. त्यांच्याकडे मुदतीचा करार होता, मजुरी ठरलेली होती, ते कोणाच्या मालकीचे नव्हते आणि मुले जन्मतः बांधलेली नव्हती. ‘खुषीने गेलेले स्थलांतरित’ म्हणणेही तितकेच चूक, कारण फसवणूक, गैरहजेरीबद्दल पगारकपात आणि करार मोडल्यास तुरुंग हे त्याच कराराला चिकटलेले होते. मॉरिशसवर लिहिताना हे मजूर जिथे उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आणि पळालेल्या आफ्रिकन गुलामांनी ज्याच्या कड्यांत आसरा घेतला तो ल मोर्न पर्वत, ही दोन्ही ठिकाणे एकाच लेखात घ्या.