रॅम घेतली ३२०० ची, चालतेय २४०० वर? ती पूर्ण वेगाने कशी चालवावी

ऐरोलीत आमच्याच मजल्यावर राहणारी मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांनी दिवाळीत तिला असेंबल्ड कॉम्प्युटर घेऊन दिला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, खोक्यावर ठळक ३२०० हा वेग. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, थ्रीडी मॉडेल फिरवताना फार अडकतं. ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल का?" घरी जाऊन बघितलं तर रॅम २४०० वर चालत होती. ज्याने मशीन जोडून दिलं त्याने एक सेटिंग चालूच केलं नव्हतं. काम दहा मिनिटांचं, आणि इथे तिचे वडील कार्डासाठी पैसे बाजूला काढत होते. मला ते फार लागलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी खात्री करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि 'स्पीड'समोरचा आकडा वाचा. तो खोक्यावरच्या किंवा स्टिकवरच्या आकड्याइतका असेल तर वेगाचं सेटिंग ठीक आहे, फक्त खालचा 'कॅबिनेट उघडा' हा भाग बघा. त्याखालची 'स्लॉट्स यूज्ड' ही ओळही बघून ठेवा, किती स्टिक लावल्या आहेत ते तिच्यावरून कळतं.

सीपीयू-झेड हा माहिती दाखवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर तिथे १६०० दिसेल. घाबरू नका. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, म्हणून तिथले १६०० म्हणजे खोक्यावरचे ३२००.

असं का होतं

प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. ही स्टिक कोणत्या वेगाला, कोणत्या टायमिंगला, किती व्होल्टवर चालते, हे तिच्यात लिहिलेलं असतं. मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना त्यातला सर्वात सुरक्षित, म्हणजे मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने ठरवलेला वेग उचलतो. डीडीआर४ मध्ये तो बहुतेक वेळा २१३३, २४०० किंवा २६६६ असतो आणि त्याला १.२ व्होल्ट पुरतात. खोक्यावरचे ३२०० कंपनीने पुष्कळदा १.३५ व्होल्ट देऊन तपासलेले असतात. तेही त्याच चिपमध्ये वेगळं प्रोफाइल म्हणून साठवलेलं असतं, फक्त ते तुम्ही स्वतः निवडावं लागतं. इंटेलने त्या प्रोफाइलला एक्सएमपी हे नाव दिलं. पुढच्या पिढीच्या डीडीआर५ मेमरीसाठी एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो आणलं. असूसच्या काही बोर्डांवर हेच डीओसीपी या नावाने दिसतं. नाव कोणतंही असो, काम एकच.

काही स्टिकना ३२०० हा जेडेकचाच वेग असतो. त्यांना प्रोफाइल लागत नाही, त्या आपोआप तिथे पोहोचतात.

कॅबिनेट उघडा

माझ्या मते ही पायरी सेटिंगपेक्षाही महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा हलवते. २४०० च्या दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनलवर (प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या रस्त्यांवर) असतील तर मिळून ३८.४. म्हणजे एकट्या वेगवान स्टिकपेक्षा दोन संथ स्टिक पुढे. दोन्ही ३२०० वर चालल्या तर ५१.२. ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्याला चित्र काढायलाही हीच मेमरी वापरावी लागते. त्या मुलीचा प्रोसेसर तसाच आहे, मॉडेल अडकत होतं ते यामुळेच. वेगळं कार्ड असलेल्या मशीनमध्ये फरक कमी पडतो. नुसतं टायपिंग आणि बँकेचं काम असेल तर तो जाणवणारही नाही.

म्हणून कॉम्प्युटर बंद करा, मागची केबल काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. बोर्डावर तिथे ए२ आणि बी२ असं बारीक छापलेलं असतं. शेजारीशेजारी बसवल्या असतील तर बदला. ठाणे, ऐरोली, वाशी हा सगळा खाडीकाठचा दमट पट्टा. स्टिकचे सोनेरी पाय काळपट दिसले तर स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा आणि रबराचा चुरा पूर्ण झटका. पुन्हा बसवताना 'टक' असा आवाज आला पाहिजे.

तुमचं मशीन तो वेग पेलतं का?

दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ आणि एच४१० किंवा बी४६० बोर्ड असेल तर २६६६ च्या वर जाता येत नाही. इंटेलने बी मालिकेला ही मोकळीक २०२१ मध्ये बी५६० पासून दिली. एएमडीचे बी४५०, बी५५०, ए५२० बोर्ड प्रोफाइल घेतात. दोन वेगवेगळ्या वेगांच्या स्टिक एकत्र असतील तर दोन्ही मंद स्टिकच्या चालीने चालतात. डीडीआर५ च्या चार स्टिक लावण्याचा मोह टाळा. रायझन ७००० साठी एएमडीने दोन स्टिकचा अधिकृत वेग ५२०० दिला आहे, आणि चारचा फक्त ३६००.

आता बायोस

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंगचं पान. कॉम्प्युटर सुरू करताच डिलीट किंवा एफ२ पटापट दाबत राहा. पहिल्या पानावरच एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो दिसेल. 'प्रोफाइल १' निवडा, आपल्या स्टिकचाच आकडा आला ना ते पाहा, मग एफ१० दाबून सेव्ह करा. व्होल्ट, टायमिंग वगैरे हाताने बदलायला जाऊ नका, प्रोफाइल ते स्वतः भरतं. डीडीआर५ असेल तर यानंतर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड मेमरीची चाचपणी करत असतो. तेव्हा घाईने स्विच बंद करू नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. रायझन ७००० असेल तर आधी बायोस अपडेट करा. २०२३ मध्ये एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरला जास्त व्होल्ट देत होते आणि काही प्रोसेसर जळाले. त्यानंतरच्या बायोसमध्ये ते व्होल्टेज १.३ वर रोखलं आहे. अपडेट मात्र यूपीएसवरच करा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर बोर्ड निकामी होऊ शकतो. विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. इंटेल आणि एएमडी दोघेही या प्रोफाइलला ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणंच मानतात, तेव्हा प्रोसेसरच्या वॉरंटीच्या अटीही वाचून घ्या.

सुरूच झालं नाही तर

बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपणहून जुन्या वेगावर येतात. नाही आले तर केबल काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. सेटिंग पुसली जातात, डिस्कवरच्या फाइलींना काही होत नाही.

तपासल्याशिवाय कामाला लागू नका

विंडोज उघडलं म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. अस्थिर मेमरी फाइल गुपचूप बिघडवते आणि ते महिन्याने कळतं. मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि चाचणी रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसली तरी तो वेग सोडा. बायोसमध्ये एक पायरी खाली, ३२०० वरून ३००० ला या आणि पुन्हा तपासा. निर्दोष ३००० हे चुकणाऱ्या ३२०० पेक्षा शंभरदा बरे. सबमिशनच्या आदल्या रात्री तर यातलं काहीच करू नका.

लॅपटॉपमध्ये हे सेटिंग बहुधा नसतंच. तिथे दुसरा स्लॉट रिकामा असेल तर त्यात जोडीची स्टिक घालणं हाच खरा फायदा.

नवी कोरी स्टिक स्वतःच्या वेगाला चुका देत असेल तर ती बदलून मागा. पण ऐरोलीहून मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठायचा म्हणजे ठाणे, दादर करत ग्रँट रोडला उतरायचं, अर्धा दिवस जातो. म्हणून निघण्यापूर्वी घरी एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, चूक दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढा, आणि संच म्हणून घेतल्या असतील तर बिलासकट दोन्ही स्टिक सोबत न्या.