कड्यावर सी व्ह्यू घर बांधायचंय? टोकन देण्याआधी हे बघा

आरे-वारे, गणपतीपुळे साइडला सड्यावरचा, म्हणजे कड्यावरच्या कातळी पठारावरचा प्लॉट दाखवताना एजंट हमखास सांगतात की सीआरझेड (समुद्राजवळच्या बांधकामावर नियम असलेला पट्टा) खाली किनाऱ्याला, आपण वर आहोत, आपल्याला काय. असं नसतं हो. अंतर उंचीवर मोजत नाहीत, भरती रेषेपासून नकाशावर आडवं मोजतात, आणि कडा असेल तिथे ही रेषा कड्याच्या पायथ्याशी येते, म्हणजे अगदी टोकाचा प्लॉट 40 मीटर उंच असला तरी कागदावर तो पाण्याला चिकटूनच.

त्यामुळे पहिलं काम, सातबारावरचा गट नंबर घेऊन मंजूर सीझेडएमपी नकाशावर, म्हणजे किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर जागा बघा. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन प्रकार आहेत, 2011 च्या जनगणनेत लोकवस्ती चौरस किलोमीटरला 2161 च्या वर असेल तर ना-विकास पट्टा (जिथे नवीन घर बांधता येत नाही) 50 मीटर, नाहीतर 200 मीटर, आणि कोकणातली बरीचशी गावं विरळ वस्तीची आहेत त्यामुळे 200 धरूनच चाला. त्याच्या पुढे 500 मीटरपर्यंत घर होतं पण तळ अधिक एक मजला, उंची 9 मीटरच्या आत. स्वतःच्या राहण्याचं घर 300 चौरस मीटर बिल्टअपपर्यंत असेल तर परवानगी स्थानिक प्राधिकरणाकडेच मिळते. बिनशेती वगैरे ते वेगळंच.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळे आकडे भरती रेषेपासूनचे आहेत, कड्याच्या कडेपासून किती मागे राहायचं ते त्यात येतच नाही. धोका रेषा (धूप आणि पुराचा धोका कुठवर आहे ते दाखवणारी) आखली आहे पण 2019 पासून ती आपत्ती नियोजनापुरतीच, तिच्यावर परवानगी अडत नाही. म्हणजे कागद ओके असूनही कडा ढासळू शकतो. आपला कडा वरून जांभा, टणक दिसतो, पण त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमाती असते, पावसाचं पाणी जांभ्यातून मुरून तिथे साठतं, खालून लाटा पायथा पोखरतात आणि वरचा चिरा आधार सुटला की मोठ्या तुकड्यांनी खाली येतो. म्हणून जिओलॉजिस्टला दाखवाच, घराचा खर्च बघता ती फी काहीच नाही. शोषखड्डा आणि पागोळ्यांचं पाणी कधीच कड्याच्या बाजूला सोडू नका. आणि प्लॉट जानेवारीत बघितला असेल तर ऑगस्टमध्ये परत जा, कडेपासून लांब राहून चाला, कडेला समांतर भेग दिसली किंवा कड्याच्या अंगातून पाणी झिरपताना दिसलं तर तो प्लॉट सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.