विमानात हवेचा दाब घटल्यास प्रवाशाने काय करावे

प्रवासी विमान ३५,००० फुटांच्या आसपास उडत असते, तेव्हा आतील हवेचा दाब मात्र ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील डोंगरमाथ्यावर असतो तितका राखलेला असतो. खिडकी किंवा दार निखळून हा दाब एकाएकी गेला, तर मोठा आवाज होतो, कडाक्याची थंडी पडते आणि केबिनमध्ये पांढरे धुके दाटते. हा धूर नव्हे, गार झालेल्या हवेतील बाष्प असते. दाब हळूहळू घटत असेल, तर कानांना दडे बसण्यापलीकडे फारसे काही जाणवतही नाही आणि तीच स्थिती अधिक घातक ठरते, कारण प्राणवायू कमी पडलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असेच वाटत राहते.

डोक्यावरून प्राणवायूचा मास्क खाली आला की कारण शोधत बसू नये. ३५,००० फुटांवर माणूस प्राणवायूशिवाय जेमतेम अर्धा ते एक मिनिट विचारपूर्वक हालचाल करू शकतो. म्हणूनच आधी स्वतःचा आणि मगच मुलाचा मास्क लावावा, कारण आई-वडीलच बेशुद्ध झाले तर मुलाला मास्क लावणारे कोणी उरत नाही. मास्क जोराने आपल्याकडे ओढावा, कारण बहुतेक विमानांत त्या ओढीनेच वरच्या रासायनिक यंत्रात प्राणवायू तयार होऊ लागतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकून रबरी पट्टा डोक्यामागे घ्यावा. एप्रिल २०१८ मध्ये साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या विमानाची खिडकी फुटली, तेव्हाच्या छायाचित्रांत अनेकांचा मास्क फक्त तोंडावर दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते. मास्कची पिशवी फुगली नाही किंवा जळका वास आला, तरी मास्क काढू नये; यंत्र तापल्याने असा वास येतो. श्वास रोखून न धरता नेहमीसारखा घेत राहावा.

मार्गिकेत असाल तर दिसेल त्या रिकाम्या आसनावर बसून जवळचा मास्क घ्यावा.

यानंतर विमान वेगाने १०,००० फुटांपर्यंत खाली येते. हा उतार भीतिदायक वाटतो, पण तो वैमानिकाने जाणूनबुजून घेतलेला असतो, आणि साधारण १२ ते १५ मिनिटे पुरणारा प्राणवायू तेवढ्याचसाठी असतो. आसनाचा पट्टा घट्ट बांधून बसावे आणि कर्मचारी सांगेपर्यंत मास्क उतरवू नये.

खाली येताना कान मोकळे राहावेत म्हणून आवंढा गिळावा, जांभई द्यावी, तान्ह्या बाळाला दूध पाजावे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दाब राखणारी कळ चालू करायची राहून गेली, तेव्हा कित्येक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले होते. उतरल्यावर कान दुखत राहिला, ऐकू कमी आले किंवा रक्त दिसले, तर विमानतळावरील डॉक्टरांकडून लगेच तपासून घ्यावे आणि त्यांच्या सल्ल्याशिवाय पुढचे विमान पकडू नये.