तासावरचं इंग्रजी: नागपूरच्या प्राध्यापकांसाठी सरावाची पद्धत

महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात शिकवणाऱ्यांचं इंग्रजी सहसा वाचनात कच्चं नसतं. विषयाचे ग्रंथ इंग्रजीतच वाचलेले असतात. अडतं ते वर्गात, सलग पन्नास मिनिटं बोलताना. म्हणून व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून काढून बसू नका. पुढच्या आठवड्यात जो घटक शिकवायचा आहे, तोच सरावाला घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. एवढ्या कामातून रोज २५ मिनिटं काढता येतात, दोन तास निघत नाहीत. खालची पद्धत त्या २५ मिनिटांत बसवलेली आहे.

आधी स्वतःला लिहून काढा

फोन टेबलावर ठेवून एका तासातली दहा मिनिटं रेकॉर्ड करा. घरी येऊन त्यातली कुठलीही तीन मिनिटं निवडा आणि जसं बोललात तसंच, ‘अं’, ‘मीन्स’, ‘बेसिकली’सकट, कागदावर उतरवा. याला अर्धा तास लागतो. हे काम फक्त पहिल्या दिवशी आणि मग दर चार आठवड्यांनी करायचं. नुसतं ऐकून भागत नाही. ऐकताना स्वतःचा आवाज परका वाटतो, लक्ष त्याच्याकडेच जातं आणि चुका निसटतात. कागदावर त्या लपत नाहीत.

आता तीन खुणा करा. शब्द सुचला नाही तिथे गोल, वाक्यरचना बिघडली तिथे रेघ, उच्चाराची शंका आली तिथे फुली. मग एकूण शब्द मोजून तीनने भागा. मिनिटाला १५० च्या वर आकडा गेला, तर काटोल, उमरेड, रामटेककडून मराठी माध्यमात शिकून आलेला मुलगा तुमच्या मागे धावतोय असं समजा. ११० ते १३० ठीक. वेग कमी करायचा म्हणजे शब्द ताणायचे नाहीत. शब्द नेहमीच्या गतीने बोला आणि वाक्य संपलं की पूर्ण एक सेकंद थांबा. नवी संज्ञा फळ्यावर लिहिलीत की दोन सेकंद थांबा, कारण तेव्हा मुलं उतरवून घेत असतात.

आघात: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मराठीत शब्दातली अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलली जातात. आघात हलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर (सिलॅबलवर) जोर येतो, तो लांबतो आणि शेजारचे स्वर दबतात. जोर चुकला की प्रत्येक ध्वनी बरोबर असूनही बाहेरच्या श्रोत्याला शब्द ओळखता येत नाही. परिषदेत ‘पार्डन?’ ऐकावं लागतं त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

एकाच कुळातले शब्द घेऊन सराव करा. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अवयवावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. अ‍ॅनॅलिसिसमध्ये दुसऱ्यावर, अ‍ॅनॅलिटिकलमध्ये तिसऱ्यावर. इकॉनॉमीमध्ये दुसऱ्यावर, इकॉनॉमिकमध्ये तिसऱ्यावर. हायपॉथिसिस, कंपोनंट, पॅरॅमीटर, डिव्हेलप या सगळ्यांत दुसऱ्यावर. एक नियम बराच उपयोगी पडतो: शेवटी ‘इक’, ‘शन’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर त्याच्या अगदी आधीच्या अवयवावर येतो. अपवाद आहेत. पॉलिटिक्समध्ये जोर पहिल्यावर येतो, अरिथमेटिक हे नाम असेल तर दुसऱ्यावर.

कृती अशी. पुढच्या घटकातल्या दहा संज्ञा वहीत लिहा. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येक शब्द उघडा. उच्चाराच्या ओळीत वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते, जोर तिच्या लगेच पुढच्या अवयवावर. तो अवयव वहीत अधोरेखित करा. शब्द म्हणताना त्या अवयवावर बोटाने टेबल ठोका आणि तो मुद्दाम लांबवा. पाच वेळा सुटा शब्द, पाच वेळा वाक्यात. वाक्य तुमच्या व्याख्यानातलंच हवं. सुटा शब्द बरोबर आणि वाक्यात जुना उच्चार, असं हमखास होतं.

आकड्यांतही हीच अडचण येते. थर्टीनमध्ये जोर शेवटी, थर्टीमध्ये सुरुवातीला. सांख्यिकी शिकवताना १३ आणि ३० ची गल्लत झाली तर अख्खं उदाहरण चुकतं. आकडा फळ्यावर लिहून मगच वाचा. दशांशचिन्हानंतरचे अंक सुटे वाचा, म्हणजे ३.१४ ‘थ्री पॉइंट वन फोर’, ‘पॉइंट फोर्टीन’ नाही. परदेशी श्रोते असतील तर लाख-कोटी बदलून घ्या: १० लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन.

ध्वनींपैकी दोनच धरा. मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत दोन. व्हॅल्यू, व्हॉल्यूम म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. वॉटर, वेट म्हणताना ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. ‘वेव्ह’ या शब्दात दोन्ही येतात, तोच सरावाला घ्या. दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ: फिल आणि फील, फुल आणि फूल. आणि डिटरमाइन म्हणू नका, ‘डिटर्मिन’ म्हणा. परदेशी धाटणी उचलण्याची मुळीच गरज नाही. मुलांना ती समजायला जड जाते.

उच्चार तपासायला फोनवर बोलून टाइप करण्याची सोय वापरता येते, पण सुटे शब्द बोलून. पूर्ण वाक्य बोललात तर यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं आणि चुकीच्या उच्चारालाही बरोबर शब्द छापतं.

बोलीतून उतरणाऱ्या चुका

आपल्याकडे ‘काय करून राहिला?’, ‘मी जाऊन राहिलो’ हे रोजचं बोलणं. इंग्रजी बोलताना याच सवयीला आयएनजीचा आधार मिळतो: ‘धिस इक्वेशन इज हॅविंग टू रूट्स’, ‘आय अ‍ॅम नोइंग’. असणं, माहीत असणं, समजणं, मालकी या अर्थांची क्रियापदं साधी ठेवा: ‘हॅज टू रूट्स’, ‘आय नो’. मराठीतला ‘-च’ ‘ओन्ली’ होऊन शेवटी चिकटतो: ‘टुडे ओन्ली’. ‘विषयावर चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’ येतं, ‘भर देणे’मुळे ‘एम्फसाइझ ऑन’. दोन्हीकडे मधला शब्द काढून टाका. ‘वन ऑफ द’नंतर अनेकवचन हवं. शंका या अर्थाने ‘डाउट’ आपल्या वर्गात चालतो, पण परदेशी परीक्षकाला तो अविश्वास वाटू शकतो. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा.

सगळ्या चुका एकदम धरू नका. दोन आठवड्यांना एक चूक. हजेरीपटाच्या कोपऱ्यात ती लिहून ठेवा, म्हणजे तासाला जाताना नजरेसमोर राहील.

वर्ग चालवण्याची वाक्यं

विषय मांडताना गाडी चालते, मधल्या जागांत अडते. मुद्दा बदलताना, मागचं जोडताना, उत्तर माहीत नसताना काय बोलायचं याची बारा-पंधरा वाक्यं पाठच असावीत. ‘लेट अस गो बॅक टू स्टेप टू.’ ‘आय विल चेक अँड टेल यू ऑन थर्सडे.’ ‘डू यू अंडरस्टँड?’ सोडून द्या, त्यावर पूर्ण वर्ग ‘येस सर’, ‘येस मॅडम’ म्हणतो. त्याऐवजी ‘व्हाय डिड द साइन चेंज हिअर?’ विचारा. एखादी कल्पना मराठीतून समजावली तर त्यात कमीपणा नाही. मात्र अर्ध्या वाक्यात भाषा बदलू नका. इंग्रजी वाक्य पूर्ण करा, मग मराठीत पूर्ण सांगा, मग इंग्रजी संज्ञा पुन्हा उच्चारा.

ऐकण्यासाठी एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर, आपल्याच विषयाचं व्याख्यान लावा. पाच मिनिटं उपशीर्षकांशिवाय ऐका, मग उपशीर्षकांसह, मग तोच मुद्दा दोन मिनिटांत स्वतः मांडा. तिसरी पायरी गाळली तर ऐकलेलं तोंडात येत नाही. मोठ्याने वाचायला ‘द हितवाद’चा अग्रलेख घ्या, १९११ पासूनचं आपल्या शहरातलं इंग्रजी वृत्तपत्र आहे. रोज एक परिच्छेद पुरे.

लेखन

शोधनिबंधात केलेलं काम आणि मिळालेले निष्कर्ष भूतकाळात, सर्वमान्य तथ्य वर्तमानात. रिसर्च, इक्विपमेंट, इन्फर्मेशन, एव्हिडन्स यांना ‘एस’ लावू नका. नमुन्याचा पहिला उल्लेख ‘अ सॅम्पल’, पुढचा ‘द सॅम्पल’. व्याकरण तपासणारं साधन वापरत असाल तर त्याला परिच्छेद नव्याने लिहायला सांगू नका, फक्त चुकांची यादी मागा आणि दुरुस्ती स्वतः हाताने करा. आयता परिच्छेद मिळाला की पुढच्या निबंधात तीच चूक परत येते.

महिन्यातून एकदा विभागातल्या एका सहकाऱ्याला तासाला मागच्या बाकावर बसवा. त्यांना तीनच गोष्टी टिपायला सांगा: कुठला शब्द कळला नाही, कुठे वेग वाढला, कुठलं वाक्य अर्धवट राहिलं. नंतरचं बोलणं चहावर, मराठीतूनच करा. तिथेही इंग्रजीचा हट्ट धरला तर सहकारी संकोचाने ‘छान झालं’ एवढंच म्हणतात.