फौंड्रीत कार्बन कमी करताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरातल्या फौंड्रींमध्ये, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांमध्ये, मी दोन कामांसाठी जातो. एक विजेचं मोजमाप, दुसरं भट्टीवरच्या माणसांचं प्रशिक्षण. मालक या दोन कामांसाठी मला दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावतात. मोजमापाच्या दिवशी मेंटेनन्सवाला सोबत असतो, प्रशिक्षणाच्या दिवशी एचआरवाला. दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत धरून इथं लहान-मोठ्या तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत. ऑइल इंजिन आणि उसाच्या चरकावर वाढलेला हा धंदा आज ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, करतो. गिऱ्हाईक पूर्वी फक्त किलोचा भाव विचारायचं, आता किलोमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला तेही विचारतं. त्यामुळे नवी भट्टी येते, छतावर सोलर चढतं, ऑडिटचा जाड रिपोर्ट कपाटात जातो. आणि वर्षभरानं बिल काढून बघितलं तर टनामागची युनिटं जिथल्या तिथं.

कपोला काढला म्हणजे कार्बन गेला, असं धरून चालणं

ही समजूत मनापासून बाळगणारे बरेच भेटतात, म्हणून हिशेबच मांडतो. साध्या कपोलात, म्हणजे कोक जाळून चालणाऱ्या उभ्या भट्टीत, टनभर लोखंड वितळवायला १३० ते १५० किलो कोक लागतो. किलोभर कोक जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टनामागे चारशे किलोच्या आसपास. आता विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी घ्या. टनाला ६०० युनिटं धरली आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन धरला, तर होतात ४२० किलो. धूर शिरोलीतून हलला आणि औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघाला, एवढाच फरक.

कपोला काढू नका असं मी मुळीच म्हणत नाही. भट्टीजवळच्या माणसाच्या छातीत जाणारा धूर आणि गंधकाचा वायू थांबला, ही केवढी मोठी गोष्ट आहे. शिवाय वीज उद्या उन्हाची किंवा वाऱ्याची होऊ शकते, कोक कधीच होणार नाही. पण भट्टी बदलल्यानं खरं काम सुरू होतं, ते पूर्ण झालेलं नसतं. ज्यांना कपोला अजून ठेवावाच लागतो त्यांनी निदान दोन ओळींत हवा मारणारा, डिव्हायडेड ब्लास्टचा कपोला नीट बसवावा. कोकची पाव हिश्श्यापर्यंत बचत होते. मात्र दोन्ही ओळींतल्या हवेचं प्रमाण राखणारा मेस्त्री तयार नसेल, तर तीही होत नाही.

युनिट प्रति टन मोजताना कुठला टन, हे न ठरवणं

भट्टीवाला पातळ लोखंडाचा टन धरतो, ऑफिस डिस्पॅचचा, म्हणजे बाहेर गेलेल्या मालाचा. मीटिंगमध्ये दोघंही आपापल्या आकड्यावर ठाम असतात आणि दोघंही बरोबर असतात.

समजा वितळवायला ६०० युनिटं लागतात आणि यील्ड, म्हणजे ओतलेल्या लोखंडातून मिळणारं कास्टिंग, ६० टक्के आहे. रनर, रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांतलं आणि भरतीचं जादा लोखंड, पुन्हा भट्टीत जातात. म्हणजे टनभर कास्टिंगसाठी १.६७ टन लोखंड वितळवायचं. झाली १००० युनिटं. त्यात आठ टक्के रिजेक्शन आलं की चांगल्या मालाच्या टनामागे १०८७. रिजेक्शन चारवर आणलं तर १०४२. फक्त ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) आणि सँड इन्क्लूजन (आत अडकलेली वाळू) आवरले की टनामागे ४५ युनिटं वाचली, भट्टीला हातही न लावता. यील्ड ६० वरून ६५ वर नेलं तर ७७ युनिटं.

म्हणून मला सँड लॅबमधला, साच्याची वाळू तपासणारा मुलगा कार्बन कमी करणारा सगळ्यात महत्त्वाचा माणूस वाटतो. वाळूतला ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (किती दाबली जाते), पर्मिएबिलिटी (वायू किती जाऊ देते) तो तासातासाला बघतो की सकाळी एकदा बघून दिवसभराचे रकाने भरून ठेवतो, यावर रात्रीची युनिटं ठरतात. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र त्याचं नाव मला क्वचितच दिसलं.

प्रशिक्षण चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी

एका फौंड्रीत रात्रपाळीला मी भट्टीपाशी घड्याळ घेऊन उभा राहिलो होतो. एक टनाची भट्टी. लोखंड टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून ओतून काढायच्या, तापमानाला पोचलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सँपल घेऊन पोरगा लॅबकडे धावला. स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट यायला नऊ मिनिटं गेली. लोखंडातला कार्बन थोडा कमी होता, तो दुरुस्त केला, आणखी सहा मिनिटं. आता ओतायचं, तर मोल्डिंगवरून, म्हणजे साचे बनवतात तिथून, निरोप आला, कोअर (आतली पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे) बसवायचे राहिलेत, दहा मिनिटं थांबा. भट्टीचं तोंड या सगळ्या वेळात उघडं. झाकण होतं, पण ते बाजूला भिंतीला टेकवलेलं आणि त्यावर कुणाचा तरी गमछा वाळत होता.

अर्ध्या मीटर व्यासाच्या उघड्या तोंडातून, लोखंड १४५० अंशांवर असताना, साधारण तीस किलोवॅट उष्णता वर निघून जाते. पंचवीस मिनिटांची झाली बारा-तेरा युनिटं, तीही एका हीटमागे, म्हणजे भट्टीच्या एका घाण्यामागे. वर भट्टीवाल्यानं, लोखंड थंड पडेल या भीतीनं, तापमान पन्नास अंशांनी चढवून ठेवलं होतं. पन्नास अंशांना टनामागे आणखी अकरा-बारा युनिटं नुसती लोखंडात शिरतात, गळती वेगळीच.

त्या माणसाला मी विचारलं, “झाकण का नाही लावत, दादा?” तो उत्तर प्रदेशातला, चौदा वर्षं भट्टीवर काढलेला. म्हणाला, झाकण जड आहे, दोघं लागतात, आणि दुसरा माणूस भंगार भरायला गेलेला असतो. तापमान का चढवलं? कारण मोल्ड कधी तयार होतील ते त्याला कुणी सांगत नाही, आणि लोखंड गार होऊन मिसरन आलं, म्हणजे साचा अर्धवट भरला, तर बोलणी त्यालाच बसतात.

त्याचं काहीही चुकत नव्हतं. त्याच फौंड्रीत दोन महिन्यांपूर्वी ऊर्जा-बचतीचं प्रशिक्षण झालं होतं. दिवसा, कॉन्फरन्स हॉलमध्ये, इंग्रजी स्लाइडवर. बसले होते सुपरवायझर आणि ऑफिसची मंडळी. भट्टीची हीट रात्री, भट्टीवाला दिवसा खोलीवर झोपलेला.

प्रशिक्षण भट्टीपाशी आणि पाळी बदलताना वीस मिनिटं घ्या. माणसं हिंदीत बोलत असतील तर हिंदीत. एका आठवड्यात एकच गोष्ट घ्या, झाकण म्हणजे झाकणच. आणि शिकवण्याआधी अडचण काढा. त्या फौंड्रीत झाकणाला साधी साखळी-कप्पी बसवली, एका हातानं उचलता येईल अशी. मोल्डिंग आणि भट्टी यांच्यामध्ये दिवा लावला. दहा मोल्ड तयार झाले की मोल्डिंगवाला तो पेटवायचा, मगच भट्टीवाला शेवटचं तापमान गाठायचा. या दोन गोष्टींवाचून मी कितीही व्याख्यानं दिली असती तरी झाकण भिंतीलाच राहिलं असतं.

पावसाळ्याचं एक वेगळं सांगतो, कारण यात जीव जातो. जूनपासून आपल्याकडचं भंगार ओलं असतं. ओला किंवा बंद पोकळी असलेला तुकडा पातळ लोखंडात बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड बाहेर उडतं. भंगारावर पत्र्याचं छप्पर घाला. गंजलेलं, मातीचं भंगार वितळलं की स्लॅग (वर तरंगणारी मळी) वाढतो आणि युनिटंही वाढतात, त्यामुळे छपराचा खर्च तसाही निघतो. पण तो निघाला नसता तरी छप्पर घालायलाच हवं. भट्टीवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवा, बाकी सगळं नंतर.

शिकलेला माणूस टिकत नाही म्हणून शिकवायचंच नाही

“आम्ही शिकवायचं आणि शेजारच्यानं हजार रुपये जास्त देऊन न्यायचं,” ही तक्रार खरी आहे. पण न शिकलेला माणूस टिकला, तर तो रोज भट्टीवर नुकसान करत टिकतो. आयटीआयमध्ये फौंड्रीमनचा एक वर्षाचा ट्रेड आहे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मुलं घेता येतात आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्राच्या योजनेतून मिळतो. मात्र शिकाऊ मुलगा आला की त्याला फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या, ग्राइंडरवर उभं करून विसरू नका. तीन महिने सँड लॅब, तीन महिने मोल्डिंग, तीन महिने भट्टी असं फिरवा. एकाच वसाहतीतल्या चार-पाच छोट्या फौंड्रींनी मिळून एक शिकवणारा मेस्त्री ठेवला, तर पळवापळवीचं दुखणंही निम्मं होतं. सगळ्यांचीच माणसं सारखी शिकलेली असतात.

हवेची गळती म्हणजे किरकोळ गोष्ट

तीन मिलिमीटरच्या भोकातून सात बारची हवा सुटली की कॉम्प्रेसर तेवढ्यासाठी साडेतीन किलोवॅटच्या आसपास ओढतो. वर्षाला सहा हजार तास धरा, झाली एकवीस हजार युनिटं. रविवारी सगळं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून शॉपमध्ये नुसतं फिरा, गळती कानानं सापडते. बाकी काही लागत नाही.

सोलर सगळ्यात आधी

सोलर दिसतं, फोटोत येतं, म्हणून पहिला पैसा तिकडे जातो. महिन्याला ५०० टन वितळवणारी फौंड्री भट्टीलाच तीन लाख युनिटं खाते. छतावरचं १०० किलोवॅट महिन्याला बारा हजारांच्या आसपास देतं, म्हणजे चार टक्के. जरूर बसवा, पण आधी झाकण, रिजेक्शन, गळती. गरज खाली आल्यावरच बाहेरून किती हरित वीज घ्यायची ते ठरवा, नाहीतर वाया जाणाऱ्या युनिटांसाठीही करार कराल. आणि फौंड्रीच्या छतावर वाळूची, ग्राइंडिंगची धूळ बसते. पॅनल पुसायचं काम कुणाचं, हे नावानिशी ठरलेलं नसेल तर पहिल्या उन्हाळ्यातच निर्मिती घसरलेली दिसेल.

इथंच आणखी एक चूक होते. रात्रीची वीज स्वस्त म्हणून हीट रात्री घ्यायची सवय आपल्या हाडात आहे. महाराष्ट्रात टीओडीची, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराची, सवलत आता उन्हाच्या तासांकडे सरकली आहे. जुन्या सवयीवर जाऊ नका, ताज्या बिलातला रकाना वाचा आणि मग पाळी लावा.

गिऱ्हाइकाला अंदाजे आकडा देणं

युरोपची सीमेवरची कार्बन व्यवस्था, सीबॅम, १ जानेवारी २०२६ पासून अहवालापुरती न राहता पैशाची झाली. एजंट सांगतो म्हणून घाबरून सल्लागार नेमण्याआधी आपल्या मालाचा एचएसएन (वर्गीकरणाचा क्रमांक) बघा. सीबॅमच्या मूळ यादीत लोखंडी पाइप आणि पाइप फिटिंग होते, ८७०८ मधले मोटारीचे सुटे भाग नव्हते. पण यादीत असा वा नसा, आकडा विचारला की तो मीटर आणि वजनकाट्यावरूनच द्या. एकदा अंदाजे दिलेला आकडा पुढच्या वर्षी तुमच्याच गळ्यात येतो, कारण सुधारणा त्याच्यापासून मोजली जाते.

भांडवलाची अडचण असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘अदिती’ योजना पाहा. जुलै २०२५ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्या चौदा क्षेत्रांत फौंड्री आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के सवलत मिळते, मध्यमांना तीन. बचत आधी-नंतर मोजून दाखवावी लागते, म्हणून भट्टीला वेगळा मीटर आजच बसवा. मशीन आल्यावर ‘आधी’ मोजता येत नाही.

युनिटं अचानक वाढली तर

आधी टन तपासा. वजनकाटा बिघडलेला किंवा रिटर्न (परत भट्टीत जाणारे रनर, रायझर) दोनदा मोजलेले, असं बऱ्याचदा निघतं. मग लायनिंगचं, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराचं, वय बघा. नवं लायनिंग जाड असतं, भट्टी पूर्ण पॉवर घेत नाही, हीट लांबते. जुनं पातळ झालं की पॉवर भराभर चढते आणि भट्टी छान चालल्यासारखी वाटते, पण तेव्हाच लोखंड अस्तराबाहेरच्या, पाणी खेळवलेल्या कॉइलपर्यंत पोचायचा धोका असतो. ग्राउंड लीकेजचा, म्हणजे याच धोक्याचा इशारा देणारा, अलार्म वाजतो म्हणून तो बायपास करणारा माणूस मी पाहिला आहे. तसं कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू देऊ नका. त्यानंतर भंगार बघा. पोकळ, विरळ माल भरला की भट्टी अर्धी रिकामीच तापते. कॉइलच्या पाण्याचं तापमान बघा. शेवटी हीटची वही उघडा आणि प्रत्येक हीटपुढे थांबलेली मिनिटं आणि थांबण्याचं कारण लिहिलंय का ते पाहा.

त्या रात्रीच्या फौंड्रीत आता भट्टीशेजारी काळा फळा आहे. हीट नंबर, युनिटं, थांबलेली मिनिटं, कारण. खडू भट्टीवाल्याच्याच हातात असतो. मागच्या वेळी गेलो तेव्हा कारणाच्या रकान्यात त्यानं हिंदीत लिहिलं होतं, ‘कोअर लेट, १४ मिनिट’. खाली कोअर शॉपच्या सुपरवायझरची सही होती, आणि त्याच्या पुढच्या सहा हीटमध्ये तो रकाना रिकामा होता.