आमवात: दुखणं थांबलं म्हणून गोळी सोडू नका

चवथीच्या आधी आईच्या बोटांची सूज उतरली. आदोळीवर बसून नारळ खवता येऊ लागला, नेवऱ्यांना मुरड घालता येऊ लागली. मग तिने ठरवलं, आता गोळ्या कशाला? दिवाळीपर्यंत चहाचा कप धरवेना.

आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) ही चूक घरोघरी होते. मेथोट्रेक्सेटसारख्या, आजारच आवरणाऱ्या औषधाचा गुण यायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, आणि बंद केल्यावर तो ओसरतोही हळूहळू. त्यामुळे गोळी सोडूनही काही आठवडे बरं वाटतं. आत मात्र सांध्यांची झीज पुन्हा सुरू झालेली असते. फार्मसीतून आणलेलं डायक्लोफेनॅक दुखणं आणि सूज कमी करतं, ही झीज थांबवत नाही. महिनोन्‌महिने घेतलं तर पोट आणि मूत्रपिंडाला त्रास होतो तो वेगळाच.

कुणी दिलेल्या बिनलेबलाच्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यांत जिवावर बेतणारी चूक म्हणजे मेथोट्रेक्सेट रोज घेणं. या आजारात ते आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटतं, ताप येतो. आम्ही बुधवार ठरवला आणि कॅलेंडरवर लाल खूण केली. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी दिसायला तशीच असू शकते, म्हणून डबे वेगळे. बुधवार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. काय करायचं ते डॉक्टरांना विचारावं.

हे औषध यकृतावर ताण आणतं. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत ‘थोडी घेतली तर काय होतं’ म्हणणाऱ्यांनी हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रक्ततपासणीही बरं वाटत असताना टाळू नये, कारण यकृताची आणि रक्तपेशींची गडबड तिथेच आधी दिसते. मूल हवं असेल तर औषध चालू असताना दिवस जाऊ देऊ नका. काही महिने आधीच डॉक्टरांना सांगा.

आणि पावसाळा. ‘पाऊस आहे, दुखणारच’ म्हणत आम्ही जून-जुलै घालवले, हे मला अजून खुपतं. सकाळी तासभर बोटं आखडून राहत असतील, सांधे सुजून गरम लागत असतील, तर आजार जोर धरतोय. तपासणीची तारीख अलीकडे घ्या.

सूज असेल त्या दिवशी नारळ दुसऱ्याने खवावा. एरवी कोमट पाण्यात बोटांची उघडझाप रोज करावी, फिजिओथेरपिस्टने दाखवली तशी.